मेन्यूकार्डावरचं इंग्रजी आणि हाती येणारं बिल

टेबलाशी बसता न बसता वेटर विचारतो, ‘‘वॉटर कोणतं आणू? रेग्युलर, मिनरल की स्पार्कलिंग?’’ जेवणाचा खर्च इथूनच सुरू होतो. ‘रेग्युलर’ म्हणजे हॉटेलचं साधं, गाळलेलं पाणी. त्याचे सहसा वेगळे पैसे लागत नाहीत. ‘मिनरल’ किंवा ‘बॉटल्ड’ म्हटलं की सीलबंद बाटली येते आणि ती बिलात चढते. ‘स्पार्कलिंग’ म्हणजे सोड्यासारखं फसफसणारं पाणी. खरी चकवणारी गोष्ट आहे ‘स्टिल’. ऐकायला हा शब्द साधा वाटतो, पण त्याचा अर्थ बुडबुडे नसलेलं बाटलीतलं पाणी. मोठ्या हॉटेलात ‘‘स्टिल चालेल’’ म्हटलं की कधीकधी एखाद्या भाजीच्या दराची बाटली उघडली जाते.

‘पण छापील किमतीपेक्षा जास्त कसे घेतील?’ असं अनेकांना वाटतं. दुकानदाराला जास्त घेता येत नाहीत, हॉटेलला घेता येतात. 12 डिसेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला आहे. हॉटेलात आपण नुसती बाटली विकत घेत नाही, बसायची जागा, वाढप, वातावरण हे सगळं त्यासोबत घेतो, असा त्यामागचा विचार. म्हणून बाटलीवरची एमआरपी दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. आधीच ‘‘रेग्युलर वॉटर, प्लीज’’ म्हणावं.

हॉटेलातलं इंग्रजी शिकायला बसलं की बहुतेक जण पदार्थांच्या नावांपासून सुरुवात करतात. लझान्या, रिझोटो, फोंड्यू अशी यादी पाठ होते आणि बिल मात्र कळत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी पैशांचे शब्द, मग ताटात नेमकं काय आणि किती येणार हे सांगणारे शब्द, आणि पदार्थांची नावं सगळ्यांत शेवटी. नावं वेटरला विचारता येतात आणि तो आनंदाने सांगतोही. बिलातली ओळ समजावून सांगायला मात्र कोणी आपणहून येत नाही.

दर दिसतो, माप दिसत नाही

मुंबई, कोकण किंवा गोव्यात मासे खायला गेलात की पापलेट, सुरमई, खेकडा, लॉबस्टर यांच्यापुढे आकड्याऐवजी ‘एपीएस’ अशी तीन अक्षरं दिसतात. ‘अ‍ॅज पर साइज’, म्हणजे आकाराप्रमाणे दर. काही ठिकाणी त्याच जागी ‘मार्केट प्राइस’ किंवा नुसतं ‘एमपी’ लिहिलेलं असतं. मासळीचा भाव रोज बदलतो, त्यामुळे ही पद्धत मुळात चुकीची नाही. पण आकडा न विचारता मागवलेलं एक तळलेलं पापलेट अख्ख्या जेवणाचा हिशेब बिघडवू शकतं. मासा दाखवायला सांगा, त्याच माशाचे आज किती ते विचारा आणि आकडा कानाने ऐकून मगच हो म्हणा. ‘‘हाऊ मच फॉर धिस वन?’’ एवढं इंग्रजी पुरतं. ‘‘ह्याचे किती?’’ हे मराठीत विचारलं तर मालवणी हॉटेलात अधिक चांगलं उत्तर मिळेल. गोव्यातल्या शॅकमध्ये ‘कॅच ऑफ द डे’ असं फळ्यावर दिसलं, तर तो त्या दिवशी आलेला मासा. तिथेही दर आधी विचारावा.

मापाचे बाकीचे शब्द सोपे आहेत, पण त्यांच्याकडे लक्ष जात नाही. ‘सर्व्ह्ज 1’ म्हणजे एकाला पुरेल एवढं. ‘हाफ’ आणि ‘फुल’ बिर्याणी किंवा तंदुरी चिकनपुढे असतं, आणि हाफची किंमत फुलच्या बरोबर निम्मी क्वचितच असते. चार माणसं असतील तर दोन हाफपेक्षा एक फुल स्वस्त पडतो का, ते पाहावं. ‘प्लॅटर’ म्हणजे चार-पाच प्रकार मांडलेलं मोठं ताट. ते दोघांनी मागवलं तर पुढे मुख्य जेवणाला भूक उरत नाही. ‘पर पीस’ लिहिलं असेल तर तो दर एका नगाचा. सूप ‘वन बाय टू’ मागता येतं. हा आपल्याकडचाच शब्द आहे आणि तो वापरताना संकोच वाटायचं काही कारण नाही. काही जागी मात्र त्यासाठी थोडे जास्त पैसे लावतात, तेव्हा आधी विचारून घ्यावं.

‘सर्व्हड विथ’ आणि ‘अ‍ॅड-ऑन’ यांतला फरक नीट लक्षात ठेवावा. ‘सर्व्हड विथ राइस’ म्हणजे भात त्याच किमतीत येतो. ‘अ‍ॅड-ऑन’ किंवा ‘एक्स्ट्रा’ म्हणजे मागितलात तर वेगळे पैसे. पिझ्झ्यावरचं जादा चीज, कॉफीतलं बदामाचं दूध, बर्गरसोबतचे फ्राइज हे सगळं बहुधा अ‍ॅड-ऑन असतं. वेटर ‘‘चीज घालू?’’ असं सहज विचारतो, आपण सहज हो म्हणतो. ‘‘इज इट चार्जेबल?’’ हा तीन शब्दांचा प्रश्न तोंडात बसवावा. उलट शब्द ‘कॉम्प्लिमेंटरी’, म्हणजे हॉटेलतर्फे मोफत. न मागवलेला पापड किंवा ब्रेड टेबलावर आला, तर तो कॉम्प्लिमेंटरी आहे का, हे हात लावण्याआधी विचारलेलं बरं.

‘आ ला कार्ट’ म्हणजे प्रत्येक पदार्थाला वेगळा दर. ‘सेट मेन्यू’ म्हणजे ठरावीक पदार्थांचा एकच दर, आपल्या थाळीसारखा. दुपारच्या वेळी अनेक महागड्या हॉटेलांत सेट मेन्यू असतो आणि तिथलं जेवण चाखून बघण्याचा तो किफायतशीर मार्ग आहे.

शाकाहाऱ्यांनी आणि अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी

चुकून मागवलेला पदार्थ परत जात नाही, त्याचे पैसे द्यावेच लागतात. शिवाय हा प्रश्न नुसता पैशांचा नसतो. आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या आजीच्या ताटात न कळता काही आलं, तर तिला होणारा त्रास बिलात मोजता येत नाही.

भारतात शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण ही खूण आहे. आधी तिथेही ठिपकाच असे आणि जुन्या मेन्यूकार्डांवर तो अजून दिसतो. खूण नसेल तर शब्द ओळखावे लागतात. बेकन, हॅम, पेपरोनी, सलामी, प्रोशुटो हे मांसाचे प्रकार आहेत आणि ते बहुधा डुकराच्या मांसाचे असतात. सलामी चिकनचीही मिळते. ‘कॅलमारी’ म्हणजे माकुल. ‘अँकोव्ही’ हा छोटा मासा, तो सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये बहुधा असतो. त्यामुळे ‘सॅलड’ या शब्दावर विसंबू नये. ऑयस्टर सॉस आणि फिश सॉस चिनी व थाई भाज्यांत पडतात. ‘टेंडरलॉइन’ किंवा ‘बफ’ लिहिलं असेल तर महाराष्ट्रात ते साधारणपणे म्हशीचं मांस असतं. मूस, पन्ना कोट्टा यांसारख्या गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं आणि तिरामिसूमध्ये अंडं, कधी रमसुद्धा. बिनअंड्याचा पदार्थ हवा असेल तर ‘एगलेस’ हा शब्द स्पष्ट उच्चारा.

शिजवण्याच्या पद्धतीही कळायला हव्यात, विशेषतः पथ्य असणाऱ्यांना. ‘स्टीम्ड’ म्हणजे वाफवलेलं, ‘ग्रिल्ड’ म्हणजे जाळीवर भाजलेलं, ‘सॉटेड’ म्हणजे थोड्या तेलावर परतलेलं, ‘क्रम्ब फ्राइड’ म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेलं आणि ‘ओ ग्रातां’ म्हणजे वर चीज घालून भट्टीत खरपूस केलेलं. ‘क्रिस्पी’ या गोंडस शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा तळलेलं असाच असतो.

शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोया, गहू यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ‘कंटेन्स’ आणि ‘मे कंटेन’ यांकडे पाहावं. पहिल्याचा अर्थ पदार्थात ते आहे, दुसऱ्याचा अर्थ त्याचा अंश असू शकतो. केंद्रीय अन्न परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेन्यूवर पदार्थाच्या कॅलरी छापणं आणि अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. ती दिसली नाही तर मागा, तो तुमचा हक्क आहे.

दोन अधिकचिन्हं आणि कव्हर चार्ज

बुफेची जाहिरात ‘999++’ अशी असते. ती दोन अधिकचिन्हं म्हणजे वर कर आणि वर सर्व्हिस चार्ज. ‘नेट’ किंवा ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ लिहिलं असेल तरच तेवढ्यात भागतं. दर ‘पर हेड’ असेल तर माणशी. लहान मुलांना सवलत वयावर आहे की उंचीवर, ते फोनवरच विचारून ठेवावं. ‘बेव्हरेजेस नॉट इन्क्लुडेड’ म्हणजे सरबत, कोल्ड्रिंक, कधी चहासुद्धा वेगळ्या पैशांनी. ‘वेस्टेज चार्ज’ म्हणजे ताटात टाकलेल्या अन्नाचा दंड.

‘कव्हर चार्ज’ या शब्दाने फार लोक फसतात. पब किंवा संगीताच्या कार्यक्रमाच्या ठिकाणी दारातच पैसे घेतात. त्याला ‘रिडीमेबल’ किंवा ‘फुल कव्हर’ म्हटलं असेल तर तेवढ्या रकमेचं खाणंपिणं आत मिळतं. ‘एंट्री फी’ असेल तर ते पैसे गेले, आतलं बिल वेगळं. ‘मिनिमम बिलिंग’ म्हणजे किमान एवढ्याचं तरी मागवलंच पाहिजे. वाढदिवसाचा केक बाहेरून नेणार असाल तर ‘केकेज’ आणि वाइनची बाटली नेणार असाल तर ‘कॉर्केज’, म्हणजे ती तिथे उघडून वाढण्याचं शुल्क. वाढदिवस ठरवताना हा प्रश्न आधी विचारला नाही, तर केकपेक्षा केकेजचं दुःख जास्त होतं.

अ‍ॅपवरून टेबल आरक्षित करताना ‘फ्लॅट 20 टक्के’ आणि ‘अपटू 20 टक्के’ यांत मोठा फरक आहे. ‘अपटू’ म्हणजे जास्तीत जास्त. प्रत्यक्षात सूट पाचच टक्के असू शकते. सूट कोणत्या पदार्थांवर नाही, कोणत्या वारी नाही आणि अ‍ॅपमधूनच पैसे भरले तरच आहे का, हे खालच्या बारीक अक्षरांत असतं.

बिल वाचताना

‘सबटोटल’ म्हणजे खाण्यापिण्याची बेरीज. त्याखाली सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी अडीच टक्के, मिळून 5. बहुतेक हॉटेलांना 15 नोव्हेंबर 2017 पासून हाच दर आहे, एसी असो वा नसो. 18 टक्के दर मुख्यतः मोठ्या तारांकित हॉटेलांच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये लागतो, जिथे खोलीचं दिवसाचं भाडं 7,500 रुपयांच्या वर असतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलने 18 टक्के लावले असतील तर थांबून विचारावं.

कर लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवाच. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो. महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, गोव्यातला 30 ने. काही लहान हॉटेलं ‘कॉम्पोझिशन’ योजनेत असतात. त्यांना कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. त्यांच्या बिलावर ‘बिल ऑफ सप्लाय’ असं लिहिलेलं असतं. त्या बिलात जीएसटीची ओळ दिसली तर ती चूक आहे. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे, म्हणून तिची बेरीज वेगळी दाखवलेली असावी. पेगमध्ये ‘स्मॉल’ म्हणजे 30 मिलिलिटर आणि ‘लार्ज’ म्हणजे 60. नुसतं ‘एक पेग’ म्हटलं तर कोणता येईल, हे सांगता येत नाही.

आता सर्व्हिस चार्ज. हा सरकारी कर नाही. ‘सर्व्हिस टॅक्स’ हा वेगळा कर होता आणि 2017 मध्ये जीएसटी आल्यावर तो संपला. नाव सारखं असल्यामुळे अजूनही लोक सर्व्हिस चार्ज सरकारचा समजून मुकाट्याने भरतात. ती हॉटेलने मागितलेली बक्षिसी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार हॉटेलला हा चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही घेता येत नाही, आणि तो दिला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. या सूचनांना आधी स्थगिती मिळाली होती. 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या योग्य ठरवल्या. हॉटेलचालकांच्या संघटनांनी त्यावर अपील केलं.

फरक किती पडतो, ते पाहू. समजा, चौघांच्या जेवणाचे 2,000 रुपये झाले. 5 टक्के कर धरून 2,100. आता 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर 200 रुपये वाढतात. अनेक ठिकाणी त्या 200 वरही कर आकारतात, म्हणजे 2,200 वर 110. एकूण 2,310. फरक 210 रुपयांचा. त्याच सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज बिलात मिळवून वर जीएसटी लावणंही चालत नाही. ‘एससी’, ‘स्टाफ वेल्फेअर’, ‘स्टाफ कॉन्ट्रिब्युशन’ अशी नावं दिसली तर ती याच जातीची समजावी.

काढायला सांगण्याचं वाक्य सरळ आहे: ‘‘प्लीज रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज.’’ आवाज चढवायची गरज नाही. सोबत वाढणाऱ्या मुलाच्या हातात स्वतःहून काही ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. त्याने दिवसभर उभं राहून वाढलेलं असतं आणि थेट हातात दिलेले पैसे त्यालाच मिळाल्याची खात्री असते.

मुलांकडे परदेशी जाणार असाल तर

अमेरिकेत ‘आंत्रे’ म्हणजे मुख्य जेवण, ब्रिटन-ऑस्ट्रेलियात तोच शब्द सुरुवातीच्या पदार्थाला. बिलाला अमेरिकेत ‘चेक’ म्हणतात, उरलेलं बांधून हवं असेल तर ‘बॉक्स’ मागतात. मेन्यूवरच्या दरात तिथे विक्रीकर धरलेला नसतो आणि वर 15 ते 20 टक्के टिप देण्याची रीत आहे. तिथली टिप टाळू नये. टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी केंद्रीय कायद्यातलं किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरच आहे. काही राज्यांनी ते वाढवलं, सगळ्यांनी नाही. मोठ्या गटाच्या बिलात ‘ग्रॅच्युइटी इन्क्लुडेड’ असेल तर टिप आधीच लागलेली आहे, पुन्हा देऊ नये. ब्रिटनमध्ये दरात कर धरलेला असतो, आणि ‘ऑप्शनल’ किंवा ‘डिस्क्रिशनरी’ सर्व्हिस चार्ज, लंडनमध्ये बरेचदा साडेबारा टक्के, नको म्हणता येतो. दोन्हीकडे ‘टॅप वॉटर’ मागावं. इंग्लंड-वेल्समध्ये दारूचा परवाना असलेल्या जागी ते मोफत देणं कायद्याने बंधनकारक आहे. मेन्यूवर वांग्याला अमेरिकेत ‘एगप्लांट’ आणि ब्रिटनमध्ये ‘ओबर्जीन’, कोथिंबिरीला ‘सिलँट्रो’ आणि ‘कोरिअँडर’, कोळंबीला ‘श्रिम्प’ आणि ‘प्रॉन’ अशी नावं दिसतील.

शिकायला किती खर्च?

शून्य. स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी या कामासाठी भरू नये. खासगी क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटीही लागू शकतो, आणि त्यांच्या अभ्यासक्रमात सर्व्हिस चार्ज काढायला सांगणं शिकवत नाहीत. ब्रिटिश कौन्सिलचं ‘लर्नइंग्लिश’ आणि बीबीसीचं ‘लर्निंग इंग्लिश’ ही दोन्ही संकेतस्थळं मोफत आहेत, तिथे हॉटेलातल्या संभाषणाचे धडे ऐकता येतात. याहून उपयोगी अभ्यास म्हणजे ज्या हॉटेलात जायचं त्याचा मेन्यू आदल्या दिवशी फोनवर उघडून घरीच वाचणं. अडलेले शब्द कागदावर लिहावेत, नातवाला विचारावेत. ऐनवेळी गूगल लेन्सने मेन्यूकार्डावर कॅमेरा धरला की मराठी अर्थ दिसतो. तो शब्दशः असतो, त्यामुळे पदार्थांच्या नावांबाबत त्यावर पूर्ण विसंबू नये.

आणि मराठीत विचारायला लाजू नये. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात असा कायदा आहे. तो मेन्यूकार्डापर्यंत पोचलेला नाही, पण मराठी मेन्यू आहे का, हे प्रत्येकाने विचारलं तर मालकांना तो छापावासा वाटेल. आईवडिलांना बाहेर जेवायला नेणाऱ्या मुलांना एक सांगणं आहे. मेन्यूकार्ड त्यांच्यापुढे ठेवून ‘‘तुम्हीच सांगा’’ म्हणू नका. शेजारी बसून, दोन ओळी वाचून दाखवून, मग त्यांना निवडू द्या.

बिल नेहमी पैसे भरण्याआधी वाचा, कारण नंतर परत मिळवणं वेळ खातं. सांगूनही सर्व्हिस चार्ज काढला नाही, तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. तिथे मराठीतही तक्रार घेतली जाते. खाण्याच्या दर्जाबद्दल तक्रार असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा मोफत क्रमांक 1800-222-365 आहे. तक्रार करताना बिलावर छापलेला चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक हाताशी ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला कोणतंही शुल्क लागत नाही.